तिसरी माळ
आमचे हे लातूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतात. त्यांच्या टेबलावर मण्यांचा डीएनए होता, पहिल्या, वारलेल्या बायकोनं ओवलेला: दोन माळांचा पीळ आणि त्यात घुसलेली तिसरी, हिरवी. "ही प्रयोगशाळेत बनवलेली नकली," ते म्हणाले. "मूळ जोडीदारणीला ढकलून तिच्या जागी बसते, तिच्याहून घट्ट." "आन् मूळची?" मी विचारलं. "ती जात न्हाई. बाजूला लोंबकळत राहते." माझा हात गळ्यातल्या, पहिलीच्या नावानं घडवलेल्या चांदीच्या टाकाकडं गेला. लग्नात सासूबाईंनी तो घातला होता: "ही तुझी सवत हाय, पोरी. कधी काढू नको." दुसऱ्या दिवशी दुपारी उकाड्यानं गळा चरचरला. टाक काढून टेबलावर ठेवला आणि तोंड धुऊन आले. हिरवी माळ फरशीवर पडली होती. मूळची पिळात नीट बसली होती. ह्यांनी पुस्तकातून मान वर करून माझ्याकडं बघितलं. "कोण पाहिजे, ताई?"