चार वेढे

पाचव्या फांदीला दोर बांधण्याआधी वरच्याने खाली एकदा बघून घेतलं. अंगण रिकामं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्याच्या सांगण्यावरून दार आतून लावून घेतलं होतं, आणि मशीनचा आवाजही थांबवला होता. त्यांच्या खोलीचं पत्र्याचं छप्पर बरोबर फांदीच्या खाली येत होतं.

दोघे भाऊ मिळून झाडं उतरवायची कामं घेत. मोठा झाडावर चढायचा, धाकटा खाली दोर धरायचा. त्यामुळे लोक एकाला वरचा म्हणत आणि दुसऱ्याला खालचा. गेलं वर्षभर वरचा एकटाच काम करत होता, पण नाव तेच राहिलं होतं.

एकट्याने करायची रीत त्याने बसवून घेतली होती. फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून ओवून घ्यायचा, आपल्या कमरेच्या उंचीवर खोडाला चार वेढे द्यायचे आणि टोक पक्कं बांधायचं. मग करवत. फांदी तुटली की दोरावर लोंबकळत राहते. मग गाठ सोडून, वेढ्यांतून हात-हातभर दोर सोडत ती अलगद जमिनीला टेकवायची. खाली माणूस असला तर हेच काम निम्म्या वेळात होतं. पण एकटा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो, त्यामुळे चूक होत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. स्वतःलाही.

फांदी तुटली, झोका घेऊन छपराच्या कडेला, अंगणावर स्थिरावली. त्याने गाठ सोडली. दोन हात दोर नीट गेला. तिसऱ्या वेळी त्याने सोडला नव्हता, तरी दोर चालू लागला.

त्याने मूठ आवळली. दोर थांबेना. वेढ्यांखालची नीलगिरीची गुळगुळीत साल बाहीसारखी सोलून निघाली होती, आणि आतलं पांढरं ओलं लाकूड साबणासारखं निसरडं झालं होतं. चारही वेढे त्यावरून सरसरत होते. त्याने सगळा जोर लावला, पाय खोडाला रेटले. हातमोजा तापला, मग हातच वेढ्यांकडे ओढला जाऊ लागला. शेवटी त्याला सोडावं लागलं.

छप्पर वीतभर अंतराने वाचलं. फांदी अंगणातल्या नळावर आदळली आणि पाण्याची चिळकांडी उडाली.

वरचा कमरेच्या पट्ट्यावर तसाच लटकत राहिला. समोर सोललेलं खोड होतं.

गेल्या वर्षीही नीलगिरीच होती. चारच वेढे होते, खालच्या बाजूला, बुंध्याला. तेव्हा फांदी डॉक्टरांच्या व्हरांड्याची काच फोडून आत गेली होती. कोणाला लागलं नाही, पण डॉक्टर, कंपाउंडर, बाकावरचे पेशंट, सगळे बाहेर आले. त्या सगळ्यांसमोर तो धाकट्याला म्हणाला होता, "दोर सुटत नसतो. हात सुटतो."

धाकटा एकदाच बोलला होता. त्याने धरला होता, दोरच सरकला, असं. वरचा हसला होता आणि डॉक्टरांना म्हणाला होता, याचं हे असंच असतं, शरीर इथे आणि चित्त भलतीकडे. कंपाउंडरही हसला होता. धाकट्याने दोर नीट गुंडाळून गाडीत ठेवला आणि तो चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. वरच्यानेही बोलावलं नाही. मोठ्याने आधी बोलायचं म्हणजे कमीपणा.

त्या दिवशी उतरल्यावर त्याने काच बघितली होती. खोड बघितलं नव्हतं.

तो सावकाश खाली आला. बाई दार उघडून बाहेर आल्या होत्या. नळाकडे, फांदीकडे, मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं, खाली कोणी माणूस नव्हता."

"असता, तर खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं असतं मी," तो म्हणाला.

बाईंना काही उमगलं नाही. पाणी वाया चाललं होतं, म्हणून त्या टाकीचा कॉक बंद करायला मागे गेल्या.

तो पडलेल्या फांदीवरच बसला आणि फोन काढला. धाकट्याचा नंबर पुसलेला नव्हता, एवढंच. बराच वेळ वाजल्यावर धाकट्याच्या बायकोने उचलला. ते कामावर गेलेत, शीतगृहात, फोन घरीच राहिलाय, असं तिने सांगितलं. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे ते विचारलं. तुम्ही वेळेवर जेवता ना, तेही विचारलं. जणू कालच बोलणं झालं होतं. त्याने रागाची तयारी ठेवली होती, याची नव्हती. गुडघ्याबद्दल तो नको तेवढं बोलला.

"काही निरोप होता का?" तिने विचारलं.

"हो. त्याला सांग..." त्याने खोडाकडे बघितलं. "सांग, हात नव्हता सुटला. दोरच सुटतो. सालीमुळे."

पलीकडे वाहत्या पाण्याचा आवाज येत होता. तो थांबला; तिने नळ बंद केला असावा.

"ते त्यांना माहीतच आहे, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं, एवढं सांगते."