मालतीच्या पुरस्काराचं मानपत्र

माझ्या मुलाला, विलासला, मुलगी झाली त्या वर्षी, म्हणजे १९९६ साली, मी भोपाळला आमच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकले. माझी मुलगी मालती समुद्रातल्या माशांवर संशोधन करता करता तापानं गेली होती. पुढे तिच्या मार्गदर्शकांचं, आगटे सरांचं, जाडजूड पुस्तक निघालं. त्यातली माशांची चित्रं मालतीची आहेत, हे मला अक्षर न येताही कळलं होतं. आतला मजकूरही तिच्याच वह्यांतला आहे आणि तिचं नाव त्यात कुठेच नाही, हे कळायला मात्र वाचायला शिकावं लागलं.

मग मी मालतीच्या नावानं पुरस्कार ठेवला, समुद्री माशांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. "दरवर्षी तो तुमच्याच हातून द्यायचा," असं म्हटल्यावर सरांनी खुशीनं तसं लिहून दिलं.

पहिल्या वर्षी मराठी मंडळाच्या भरल्या हॉलमध्ये मानपत्र वाचता वाचता सर थांबले.

"वहिनी, हे शेवटचं वाक्य..."

"माझं अक्षर लागत नाही का, सर?"

सगळे बघत होते. त्यांनी वाचलं, "आगटे सरांच्या पुस्तकातलं सगळं काम मालतीचं आहे."

न येण्याचं कारण कुणाला सांगता येईना, म्हणून ते दरवर्षी येत राहिले. दहाव्या वर्षी काठी टेकत आले.

"वहिनी, म्हातारा झालो. यंदा सोडा."

"मीही झाले, सर. वाचा."

त्यांच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पिशवीतून मानपत्र काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

आगटे सर ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. मालतीला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.