घट्ट मळा

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, तेव्हा रंगाऱ्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. कणकेत मीठ घालून तिची मांजर करायची, असं आदल्या दिवशीच्या भेटीत तिनंच लेकीला सांगितलं होतं. याच्या हातून पाणी जास्त पडलं. फोन वाजला, तो लेकीनं खुर्चीवर चढून त्याच्या कानाला लावला.

"हो," तो म्हणाला. "बरं. येतो."

"आईचा होता? काय म्हणाली?"

त्याला दुसरं काही सुचेना. "म्हणाली, पीठ सैल झालंय. घट्ट मळा."

"मी कधीची तेच सांगतेय बाबा, पण तू माझं ऐकशील तर ना. तिला तिथून कसं दिसलं?"

"दिसतं तिला."

सगळं उरकेपर्यंत लेक शेजारच्या काकूंकडे होती. आता फोन वाजला की ती सगळ्यांच्या आधी धावते. मांजरीला मिशा कशाच्या लावायच्या, ते तिला आईला विचारायचंय.

"झाडूच्या काड्या लाव," रंगारी म्हणतो.

"तुला काय कळतं? आईला विचारू दे."

लेकीला सांगायचं त्याचं अजून राहिलंय.