चोर बसेल किल्ली फिरवत

काकांनी पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हत राहिला, इंजिन काही पेटलं नाही.

"राहू द्या काका, बॅटरी उतरेल," बॉनेटच्या आडून छापखानेवाला म्हणाला. त्याच्याकडे याच मॉडेलची गाडी होती, काकांच्या गाडीहून थोडी धाकटी. रविवार आला की तो हत्यारांची पेटी घेऊन हजर व्हायचा आणि दातांच्या डॉक्टरांनाही ओढून आणायचा. डॉक्टरांचीही गाडी तीच, शिवाय बारीक कामाला त्यांचा हात हलका. दोघांनी मिळून कार्ब्युरेटर खोलला, पुसला, परत बसवला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. प्लग घासले. गाडी ढिम्म.

काकांना स्वतःचीच चीड येत होती. जुन्या गाडीवाल्यांचा फोनवर एक ग्रुप होता आणि त्या ग्रुपचे वैद्य म्हणजे काका. कुणाची गाडी रुसली की ते म्हणायचे, "आवाज पाठवा." मग फोन कानाला लावून, डोळे मिटून रोग सांगायचे. त्यांची वचनं सगळ्यांना पाठ होती. टाकी कधी तळाला जाऊ देऊ नका. हॅंडब्रेक ओढून गाडी महिनाभर उभी करू नका. बाजारात लावलीत तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा, आतला बोटभर रोटर काढा आणि खिशात घाला. ठिणगीच प्लगपर्यंत जाणार नाही. "कुलूप काय, कुणीही उघडतं," ते म्हणायचे. "रोटर खिशात असला की चोर बसेल किल्ली फिरवत!"

आणि आता दिव्याखालीच अंधार. कुठून सुरुवात करायची, मग काय बघायचं, तो क्रमच डोक्यात टिकत नव्हता. एरवी ग्रुपवर एका खोकल्याला दहा औषधं यायची. काकांच्या गाडीबद्दल मात्र जो तो एवढंच लिहायचा, 'काका, घाई करू नका.'

घाई कशी नसेल? नातीला नाचाच्या वर्गाला नेणं-आणणं हे काकांचं काम होतं. मागे एकदा परत येताना ते रस्ता चुकले. नेहमीचं वळण आलंच नाही. ते फिरत राहिले आणि शेवटी आपल्या जुन्या ऑफिसच्या बंद फाटकासमोर जाऊन थांबले. मागच्या सीटवर नात रडून रडून झोपली होती. शोधत शोधत छापखानेवालाच तिथे पोचला. "रस्ता चुकलो, एवढंच. माणूस चुकतो," काका घरी म्हणाले. कुणी चकार शब्द काढला नाही. सूनबाईंनी फक्त पोरीला उचलून आत नेलं. ते न बोलणं काकांच्या मनाला फार लागलं होतं. गाडी एकदा चालू होऊ दे, पोरीला वेळेवर नेऊन वेळेवर आणतो, मग बघू कोण काय म्हणतंय.

"अहो, चहा झालाय. त्यांना तरी आत पाठवा," काकूंनी खिडकीतून हाक मारली.

"काका, डिस्ट्रिब्युटरही बघितला हं मी. चकाचक आहे," जाता जाता छापखानेवाला म्हणाला. दोघं आत गेले.

काका गाडीपाशी एकटेच उरले. बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. डोकं चालत नव्हतं, पण हातांची सवय जुनी होती. बोटं आपोआप डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपांवर गेली. झाकण निघालं.

आत रोटर नव्हता.

काकांनी आधी स्वतःचा खिसा चाचपला. रुमाल होता, बडीशेपेची पुडी होती. मग छापखानेवाल्याचं 'चकाचक' आठवलं. डॉक्टरांचं मान खाली घालून प्लग घासणं आठवलं. ग्रुपवरचं 'घाई करू नका' आठवलं. सगळ्यांना ठाऊक होतं तर. आपल्याच गाडीत आपल्याला चोर ठरवलं!

पण वैद्य कच्चा नव्हता. फळीवरच्या डब्यात, तेलकट फडक्यात, त्यांनी जोडीचा रोटर ठेवला होता. तो त्यांनी बसवला, झाकण लावलं आणि स्टिअरिंगमागे बसून किल्ली धरली. आता नुसती फिरवायची खोटी. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून एक फेरी मारून यायची.

आरशात मागची सीट दिसली. नातीची पाण्याची बाटली अजून तिथेच पडली होती.

काकांनी मनातल्या मनात गाडी फाटकातून बाहेर काढली. उजवीकडे. औषधांच्या दुकानापाशी डावीकडे. मग... त्यांनी डोळे मिटले. पुन्हा फाटकापासून सुरुवात केली. उजवीकडे. औषधांचं दुकान. डावीकडे. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. रस्ता होता, घरं होती, पण कुठलंच त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांना भीती वाटली. फार भीती वाटली.

किल्ली न फिरवताच ते खाली उतरले. झाकण पुन्हा उघडलं.

छापखानेवाला तोंड पुसत बाहेर आला. काकांच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "हं काका, आता कॉइल बदलून बघू या का?"

काकांनी त्याचा हात धरला, रोटर तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"हा जोडीचा," ते म्हणाले. "हा न्यायला विसरलास तू."