दोन घागरी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी पुनमने मेहरूणमधल्या त्या घराची कडी वाजवली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन कागद होते. एक म्हाताऱ्या माणसांना विचारायच्या प्रश्नांचा, दुसरा नाव मागे घेण्याचा अर्ज. संगणकाचा अभ्यास काय कमी होता, म्हणून मोहिनी मॅडमनी ‘जोडीला वार्धक्यशास्त्र घ्या’ असा वर्गात धोशा लावला होता. एवढी एक भेट उरकायची आणि त्या विषयातून सुटायचं, असं पुनमचं ठरलं होतं.

“ये माय, दार उघडंच शे,” आतून आवाज आला.

चुडामण आबा भिंतीला टेकून बसले होते. एकटे राहतात, मुलं सुरतला असतात, एवढं मॅडमनी सांगितलं होतं. समोर पाटावर पितरांच्या दोन लहान घागरी होत्या. दोन्हींच्या तोंडावर खरबूज, पुढ्यात आंबा. एकीच्या गळ्यात हिरव्या बांगड्या होत्या.

“ही कुणाची, आबा?”

“मनी घरवालीनी. धुरपदानी.”

“आणि ही दुसरी?”

“मनी.”

म्हातारा थट्टा करतोय, असं पुनमला वाटलं. पण आबा हसले नाहीत.

“पोरे मंग भरतीन का नही, कोनले माहित. यंदा मीच भरी लिधी.”

तिने घाईघाईने कागद काढला. नाव, वय, औषधं. मग प्रश्न आला, दिवसातून किती वेळा तहान लागते?

“लागत नही. तीन दिन व्हयनात.” आबांनी आपल्या घागरीकडे बोट केलं. “मी तठून पेस ना. सकायले दोन्ही काठोकाठ भऱ्यात. डांगर उचलीसन देख.”

पुनमने दोन्ही खरबुजं उचलून पाहिली. धुरपदाबाईंची घागर काठोकाठ होती. आबांच्या घागरीतलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

बाहेर नुसती आग ओतत होती आणि पुनमच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर ती पळायलाच उठली. दारापर्यंत गेलीही. तिथे तिला मॅडमचा तो एकच तास आठवला, मोबाइल बघत बघत अर्ध्या कानाने ऐकलेला. म्हाताऱ्या शरीराला तहान कळत नाही. चामडी फसवते, जीभ बघा.

“आबा, जीभ दाखवा.”

जीभ खारकेसारखी झाली होती.

स्वयंपाकघरातला माठ कोरडा होता. नळाला आज पाण्याचा दिवस नव्हता. शेजारच्या घराला कुलूप, सगळे आखाजीला गावी गेलेले. तिने मॅडमना फोन केला. त्या डॉक्टरांना घेऊन निघाल्या. मग पुनमने आबांच्याच घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं, चिमूटभर मीठ आणि साखर घातली.

आबांनी तोंड फिरवलं. “ते मरेलसनं पानी शे, माय. जित्ता मानूस पेत नही.”

“घागर तुमचीच ना, आबा? मग तुम्हीच प्या.”

आबांनी पेला हातात घेतला. मग एक घोट घेतला. थोड्या वेळाने दुसरा. पुनम हाताला लागलेल्या कागदाने त्यांना वारा घालत होती. तो नाव मागे घ्यायचा अर्ज होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

चौथ्या पेल्याला घागरीचा तळ लागला.

“आखो दे,” आबा म्हणाले. “तहान लागनी.”

पुनमला रडूच आलं. तिने बांगड्यांच्या घागरीला हात घातला. आबा तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

“तू जाय, धुरपदा,” ते हळूच म्हणाले. “मी मांगून येसू.”

पुनमने मागे वळून पाहिलं नाही. तिने खरबूज उचललं. मघाशी काठोकाठ असलेलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं.