लोखंडासाठी सोनं

"राजाची तिजोरी रिकामी," गुरुदत्त दामले सांगत होते, "म्हणून पदक लोखंडाचं. साल अठराशे तेरा. नेपोलियन जर्मनीतल्या प्रशियाच्या उरावर बसलेला, तिथे सोन्याची चैन कुणाला परवडणार?"

कॅनडातल्या सस्काटूनच्या त्यांच्या बेसमेंटमध्ये दसऱ्याला वीसेक माणसं जमली होती. चौरंगावर पाना, ड्रिल, लॅपटॉप, गाडीचा जॅक. मधोमध तेच पदक, आयर्न क्रॉस, काळा, चांदीच्या किनारीचा, वर हळदकुंकू. इथे आपटा कुठून आणायचा, म्हणून अंगणातल्या पॉप्लरची पिवळी पानं परातीत ठेवली होती. तेच सोनं.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आठ वर्षं ऐकत होते बिचारे.

"बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं आणि लोखंडाच्या अंगठ्या घातल्या. केवढा तो मान! आमच्या सुनंदानंही तेच केलं बरं का. पाटल्या दिल्या, तेव्हा हा घरात आला."

लोक हसले. सुनंदाबाईही हसल्या.

दिल्या म्हणे! दोन हजार एक साली सुनंदाबाई आईच्या तेराव्यासाठी नागपुरात होत्या. इकडे नवऱ्यानं बँकेतला लॉकर उघडला. पाटल्या त्या आईच्याच. लेक कॅनडाला निघाली तेव्हा तिनं विमानतळावर स्वतःच्या हातातून उतरवून दिलेल्या. सुनंदाबाई परत आल्या तर टेबलावर हे काळं पदक. नवऱ्यानं त्यांना तेव्हा हीच गोष्ट ऐकवली होती.

यंदा मात्र ऐकायला रवींद्र पेठे होते, जुन्या धातूंचे जाणकार, मुद्दाम टोरोंटोहून आलेले. तिथल्या एका प्रदर्शनासाठी त्यांना पदकं निवडायची होती. त्यांनी मान डोलावली की क्रॉस काचेच्या पेटीत जाणार होता आणि खाली पाटी लागणार होती, 'गुरुदत्त दामले यांच्या संग्रहातून'. गुरुदत्तांनी पाटीचा मजकूर टाइपसुद्धा करून ठेवला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाणींचे नकाशे काढलेल्या माणसाला एवढं एक हवं होतं.

पेठ्यांनी कुंकू पुसलं. भिंग लावलं. पदक तळहातावर तोललं, पुन्हा तोललं.

"घरात मॅग्नेट आहे का हो?"

सुनंदाबाईंनी मूठ उघडली. फ्रिजवरचं, मूस हरणाच्या आकाराचं मॅग्नेट त्यांच्या हातातच होतं.

पेठ्यांनी ते आधी जॅकला लावलं. खट्‌कन चिकटलं. मग क्रॉसला लावलं. घसरून पडलं. उलट्या बाजूला लावलं. तिथूनही पडलं.

"दामलेसाहेब, हे लोखंड नाही. कसला तरी भेसळीचा धातू आहे, वरून काळा रंग दिलाय. सॉरी."

एकेक जण पानं घेऊन जिना चढू लागला. पेठेही गेले. गुरुदत्त चौरंगाजवळ खालीच बसले.

"तुझ्या हातात ते मॅग्नेट कसं गं?"

"लागणार हे माहीत होतं. मी नागपूरहून आले त्याच संध्याकाळी लावून पाहिलं होतं."

गुरुदत्तांना कळायला वेळ लागला. "आणि बोलली नाहीस? महिन्याच्या आत दुकानदार परत घेणार होता. सगळे पैसे मिळाले असते!"

"पैसे मिळाले असते. पाटल्या वितळल्या होत्या."

"अगं, पण आठ वर्षं? आठ वर्षं मी लोकांसमोर..."

"हो ना," सुनंदाबाई त्यांच्या हातावर एक पिवळं पान ठेवत म्हणाल्या. "इतकी छान सांगता तुम्ही ती गोष्ट. मला दर दसऱ्याला ऐकायची असायची."