पकड

मेदेर बुटांसकट गादीवर आला आणि त्यानं बायकोच्या, सैराच्या, कमरेचा लाल कापडी पट्टा धरला.

"चल घरी."

सैराची कुस्तीतली जोडीदारीण दोन पावलं मागं सरली. किर्गिझस्तानातल्या नारीन शहराच्या या बागेत नाचासाठी बांधलेला जुना चौथरा होता. यंदाच्या वसंतात नगरपालिकेनं त्यावर कुस्तीची गादी घातली, वर पत्रे टाकले, भोवतीची बाकं रंगवली आणि पाटी लावली: बायकांची पट्ट्याची कुस्ती, मंगळवार-गुरुवार, दुपारी तीन. गेल्या महिन्यात इथं शिकणाऱ्या दोघींना घरची माणसं अशीच येऊन घेऊन गेली. त्या पुन्हा गादीवर दिसल्या नाहीत. आज फाटकाबाहेर पाऊल पडलं की आपण तिसऱ्या, एवढंच सैराच्या मनात आलं.

"गादीवर बूट चालत नाहीत, मेदेर," गुलसून एजे म्हणाल्या. त्या शिकवायच्या; सगळे त्यांना एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. साठीच्या होत्या, गुडघ्याला पट्टी बांधलेली.

"मी कुस्ती खेळायला नाही आलो, एजे. बायकोला न्यायला आलोय."

"पट्टा तर धरलायस."

बाकांवर बुद्धिबळ मांडून बसलेले म्हातारे हसले. "धरला म्हणजे अर्धी कुस्ती लागली," एक जण म्हणाला. "आता सोडलास तर हरलास, बाळा. तेही बायकोकडून."

मेदेरचे कान लाल झाले. त्यानं पट्टा सोडला नाही. मग सैरानं त्याचा धरला. रुंद, कातडी, पितळी बकलाचा. दोन्ही मुठींनी, डाव्या कुशीजवळ. अशी पकड एजेंनी शिकवली नव्हती. पण हाताला आली तशी तिनं घेतली.

गुरांच्या बाजारात मेंढ्या ट्रकवर चढवायचं मेदेरचं काम. त्यानं तिला तशीच उचलली आणि आपटली.

"झालं," तो म्हणाला.

"खांदा टेकला," एजे म्हणाल्या. "पाठ नाही."

मुठी सुटल्या नव्हत्या. त्याच्याच पट्ट्याला धरून सैरा उठली. त्यानं पुन्हा आपटली, या वेळी जोरानं. कोपर गादीबाहेरच्या सिमेंटवर घासलं गेलं. बाकीच्या बायका पुढं आल्या तेव्हा तिनं मानेनंच त्यांना नको म्हटलं. तिसऱ्या वेळेला तिचं तोंड त्याच्या गुडघ्यावर आपटलं. ओठ फाटला आणि त्याच्या पॅन्टवर रक्त उतरलं.

"पोरीत दम आहे," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"दम त्याचा गेलाय बघ. मेंढी असती तर एव्हाना ट्रकात असती."

या वेळी हसणारे कमी होते.

कडेला बाबागाडीत सैराची तान्ही पोर जागी झाली आणि रडायला लागली. सैराला पान्हा फुटला. सदऱ्यावर दोन ओले गोल उमटले, वाढत गेले, हनुवटीवरून गळणारं रक्त त्यात मिसळलं. मेदेरनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. लाल पट्ट्यावरचा त्याचा हात निघाला.

"सोड," तो म्हणाला.

सैरानं सोडलं नाही.

"सोड म्हणतो ना. पोर रडतीये."

"माझी पाठ लावा," ती म्हणाली. फाटक्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते. "मग सोडते."

त्यानं तिच्या कानशिलावर बुक्की मारली. मग दुसरी. एजे लंगडत मधे शिरल्या, त्यानं ढकललं तशा गादीवर पडल्या. म्हाताऱ्यांपैकी एक जण उठून उभा राहिला, हातातला घोडा हातातच.

"ए. कुस्तीत बुक्की नसते."

मेदेरनं त्याच्याकडं पाहिलं. मग सगळ्यांकडं. सगळी बाग त्याच्याकडंच बघत होती. त्यानं सैराची बोटं उकलायचा प्रयत्न केला, एक उकललं की दुसरं मिटायचं. तो धापा टाकत होता. मग त्याचा हात स्वतःच्या कमरेकडं गेला.

बक्कल वाजलं.

सैराचे डोळे आपोआप मिटले. मान खांद्यांत गेली, पाठ वाकली, गुडघे पोटाशी आले. कुणी सांगावं लागलं नाही. अंगाला तो आवाज पाठ होता.

काहीच झालं नाही.

पट्टा सरसरत पॅन्टमधून निघाला, एवढंच तिच्या हातांना कळलं. डोळे उघडले तेव्हा मेदेर गादीवरून उतरला होता. ढगळ पॅन्ट दोन्ही हातांनी वर धरून तो नव्यानं रंगवलेल्या फाटकाकडं चालला होता. एकदा मागं वळून काही बोलायला गेला. हात उगारायला गेला तशी पॅन्ट घसरली. त्यानं ती पुन्हा धरली आणि तो गेला. बाकांवर कुणी हसलं नाही.

जोडीदारणीनं पोर आणून सैराच्या मांडीवर ठेवली, सदऱ्याची बटणं सोडली. पोर छातीला लागली. एजे गुडघा धरून तिच्या शेजारी बसल्या. ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं.

"सोड गं आता," त्या म्हणाल्या. "गेला तो."

"सोडलाय की, एजे," सैरा म्हणाली.

पोरीच्या डोक्यामागं तिच्या दोन्ही मुठी तशाच आवळलेल्या होत्या. त्यांतून कातडी पट्टा खाली लोंबत होता.